शिरपेच आणि इमान

जव्हारला सहलीसाठी जाणाऱ्या आमच्या धर्मग्रामांच्या बसगाड्या बहुधा दोन ठिकाणी थांबतात. एक राजवाड्यापाशी आणि दुसरे शिरपामाळावर. माळावर वारा छान लागतो, खाली दरी उघडी पडलेली असते, डबे उघडले जातात, छायाचित्रे निघतात. आणि मग मंडळींपैकी कुणी जाणता गृहस्थ ती सुप्रसिद्ध कथा सांगतो. 1663 साल सरत असताना सुरतेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज त्र्यंबकच्या बाजूने या डोंगरमुलखात आले. जव्हारचे राजे विक्रमशाह मुकणे यांनी याच माळावर त्यांचे स्वागत केले आणि त्यांच्या शिरी मानाचा शिरपेच खोवला. शिरपेचाचा तो माळ, म्हणून शिरपामाळ, असे तिथले लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. कथा सुंदर आहे आणि तिच्याविषयी आमची काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती अलीकडे या कथेला जे शेपूट जोडले जाते त्याविषयी. 'निष्ठा असावी तर अशी! ख्रिस्ती माणसानेही आपल्या धर्मगुरूंशी, आपल्या संस्थांशी, आपल्या पुढाऱ्यांशी असेच निष्ठावंत असावे. वडीलधाऱ्यांपुढे मान झुकवावी, शंका काढू नयेत,' अशा आशयाची वाक्ये आम्ही सभांतून ऐकली आहेत, स्मरणिकांतून वाचली आहेत. निष्ठा हा ख्रिस्ती सद्‌गुण आहे हे खरेच. परंतु जिला ही मंडळी निष्ठा म्हणतात ती आमच्या मते निष्ठा नव्हे. ती मुजऱ्याची सवय आहे. या दोहोंत जो गोंधळ माजला आहे त्याने आमच्या समाजाचे आणि ख्रिस्तसभेचेही पुष्कळ नुकसान केले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी माळावरची गोष्टच पुरी करू, कारण ती अर्धीच सांगितली जाते. शिरपेच खोवला गेला त्यानंतर जेमतेम साडेआठ वर्षांनी, 1672 सालच्या जून महिन्यात, मोरोपंत पिंगळे मोठे सैन्य घेऊन जव्हारवर चालून आले. जव्हार पडले. सतरा लाखांचा खजिना मराठ्यांच्या हाती लागला, असे यदुनाथ सरकार नमूद करतात. विक्रमशाह मोगलांच्या मुलखाकडे निघून गेले. ज्याने शिरपेच दिला त्याचे सिंहासन ज्याला शिरपेच मिळाला त्याच्याच सेनापतीने घेतले! माळावर उभे राहून भाषण करणाऱ्यांना हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही ते सांगणे त्यांना सोयीचे वाटत नाही.

आम्ही विक्रमशाहांना बोल लावत नाही आणि महाराजांनाही नाही. एका बाजूला सुरतेचा मोगल, दुसऱ्या बाजूला दमण आणि वसईचा फिरंगी, पाठीशी सह्याद्रीतून उतरणारे मराठे. एवढ्यांच्या कात्रीत सापडलेल्या लहानशा कोळी राज्याने त्या त्या वेळी जे जमेल ते केले. राज्यांचे असेच असते. सुरतेचा रस्ता जव्हारवरून जात होता. रस्त्यावरच्या घरधन्याने पाहुण्याचा मान राखला आणि पाहुण्याने तो स्वीकारला. पुढे तोच रस्ता कायमचा हाती असणे मराठ्यांना आवश्यक वाटले. ही राजनीती आहे. तिच्यात शहाणपण असते, धाडस असते, प्रसंगी औदार्यही असते. परंतु तिला निष्ठेचा आदर्श म्हणून आमच्या मुलांपुढे ठेवू नये. शिरपेच हा एका दिवसाचा असतो. निष्ठेचे मोजमाप दुसऱ्या दिवसापासून सुरू होते.

आणि निष्ठेचे उदाहरणच हवे असेल, तर त्याच स्वारीत, त्याच वाटेने पाच-सहा दिवसांची मजल पुढे गेले की ते सापडते. 1664 च्या जानेवारीत महाराज सुरतेच्या वेशीवर आले तेव्हा शहराचा अंमलदार इनायतखान होता. पाचशे सैनिकांचा पगार त्याला बादशाही खजिन्यातून मिळत असे. सैनिक मात्र त्याने ठेवलेच नव्हते, पैसे खिशात जात होते. संकट दिसताच हा बादशहाचा एकनिष्ठ चाकर किल्ल्यात जाऊन दडला आणि शहर उघडे पडले. श्रीमंतांपैकी काहींनी किल्लेदाराला पैसे चारून किल्ल्यात आसरा मिळविला. उरले ते गरीब.

त्या गरिबांत थोडे ख्रिस्तीही होते. सुरतेत त्या काळी कापुचिन संघाचा मठ होता आणि फादर अँब्रोज हे त्याचे प्रमुख. तेवेनो हा फ्रेंच प्रवासी त्यानंतर दोनच वर्षांनी सुरतेत आला; तो लिहितो की, या फादरांना शहरातल्या गोरगरीब ख्रिस्ती लोकांची करुणा आली आणि ते स्वतः महाराजांच्या भेटीस गेले. निदान त्यांच्या देहांना तरी इजा होऊ नये, एवढीच त्यांनी विनंती केली. महाराजांनी तिचा मान राखला. मठाला हात लागला नाही. बर्निये हा दुसरा फ्रेंच लेखकही महाराजांनी या कापुचिन धर्मगुरूंचा आदर केल्याचे सांगतो. इतकेच नव्हे, तर डच व्यापाऱ्यांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही तो दानशूर होता म्हणून सोडले गेले, असेही नोंदवितो. महाराजांच्या थोरपणाची ही नोंद आमच्या शाळांतून शिकविली जावी असे आम्हांस वाटते. पण तो आजचा विषय नव्हे.

आजचा विषय असा की, फादर अँब्रोज यांच्याजवळ शिरपेच नव्हता. द्यायलाही नव्हता आणि घ्यायलाही नव्हता. त्यांना किल्ल्यात जाता आले असते की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. ते शत्रूच्या छावणीत गेले एवढे निश्चित. त्यांची निष्ठा वरच्या दिशेने वाहत नव्हती. ज्यांच्यापासून त्यांना काही मिळणे शक्य नव्हते अशा माणसांकडे, म्हणजे खालच्या दिशेने, ती वाहत होती. पाण्याचा धर्मच आहे तो.

या ठिकाणी एका शब्दाची थोडी चौकशी करू. सेमिनरीत हिब्रू भाषेशी जी काही तोंडओळख झाली तिचा हा एवढाच काय तो उपयोग, असे वाचकांनी समजावे. आपण मिस्सामध्ये दहादा 'आमेन' म्हणतो. तो हिब्रू शब्द ज्या धातूपासून आला आहे त्याचा मूळ अर्थ 'पक्के असणे, टेकता येईल असे असणे'. अरबी ही हिब्रूची बहीण. तिच्यात त्याच धातूपासून 'इमान' हा शब्द झाला, आणि फारसीच्या वाटेने तो आपल्या मराठीत आला. 'अमानत' हा शब्दही त्याच घरचा. दुसऱ्याने आपल्यापाशी विश्वासाने ठेवलेली वस्तू म्हणजे अमानत. तेव्हा जव्हारच्या बाजारात एखादा म्हातारा वारली 'इमानानं सांगतो' म्हणतो आणि वसईच्या देवळात एखादी आजीबाई 'आमेन' म्हणते, तेव्हा दोघे एकाच मुळाचा शब्द उच्चारत असतात. दोघांपैकी कोणाच्याही शब्दात मान झुकविण्याची खूण नाही. तिथे आहे ती दुसऱ्याला टेकता यावे म्हणून स्वतः पक्के उभे राहण्याची तयारी.

जुन्या करारात याच धातूचा एक फार बोलका उपयोग आहे. निर्गमाच्या पुस्तकात अमालेकी लोकांशी युद्ध चालू असताना मोशे टेकडीवर हात वर करून उभा राहतो. हात वर असेपर्यंत इस्राएलची सरशी होते, हात खाली आले की पीछेहाट. माणसाचे हात ते; भरून येणारच. मग अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवितात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात उचलून धरतात. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले, असे सांगताना 'स्थिर' या अर्थी जो शब्द मुळात आला आहे, तोच पुढे 'विश्वासूपण' म्हणून सर्वत्र वापरला गेला. बायबलमध्ये हा शब्द प्रथम माणसाविषयी येतो तो असा: दुखणाऱ्या दंडांविषयी! त्यात घोषणा नाही, शपथ नाही, आणि एकट्याची मर्दुमकी तर मुळीच नाही, कारण दुसऱ्या दोघांनी धरले नसते तर मोशेचे हात केव्हाच खाली आले असते.

आता आमच्या भाषणकर्त्यांच्या निष्ठेकडे वळू. ती नेहमी वरच्या माणसाने खालच्या माणसाकडे मागितलेली असते, ही तिची पहिली ओळख. शिरपामाळाच्या भोवतालच्या पाड्यांनी ही मागणी फार जवळून पाहिली आहे. या सबंध पट्ट्यात, डहाणूपासून जव्हारपर्यंत, सावकार-जमीनदारांच्या घरी 'लग्नगडी' असत. लग्नासाठी थोडेसे कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेक जन्मभर, नवराबायकोने त्या घरी राबायचे. अशा गड्याने पळून जाण्याचा प्रयत्न केला की त्याला काय म्हणत? बेइमान. ज्याने त्याचे सगळे आयुष्य गिळले तो मालक, अन्नदाता. आणि पाय काढता घेणारा गडी, बेइमान! शब्दाची याहून मोठी विटंबना आम्हांस ठाऊक नाही.

1945 साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांनी ही वेठ मोडली. गोदावरीबाईंनी ती हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आणि त्या पुस्तकाला 1972 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या कम्युनिस्ट होत्या. ईश्वराविषयीचे त्यांचे मत आमच्याहून वेगळे होते. आमच्यापैकी कित्येकांनी तेवढ्या कारणासाठी त्यांचे पुस्तक हाती धरले नाही. परंतु त्या पाड्यांवर इमानाचा अर्थ कोणी जपला, हा प्रश्न निघाला तर उत्तर देताना आम्हां ख्रिस्ती लोकांना थोडे खाली पाहावे लागेल. कायद्याने वेठबिगारी मोडायला पुढे 1976 साल उजाडले.

पवित्र शास्त्रालाही हा मुजऱ्याचा आणि इमानाचा फरक चांगला ठाऊक आहे. दाविदाच्या सैन्यात उरिया नावाचा एक हित्ती शिपाई होता, परका, परजातीचा. सोबती उघड्या रानात राहुट्यांतून पडलेले असताना आपण घरी जाऊन सुखाने झोपणे त्याला पटेना. राजाने दोन वेळा सांगून पाहिले, मद्य पाजून पाहिले, तरी तो दाराशी चाकरांबरोबर निजला. त्याने राजाची आज्ञा पाळली नाही हे लक्षात घ्या. सोबत्यांचे इमान पाळले. आणि राजाने, ज्याच्या गीतांवर आपली सारी प्रार्थना उभी आहे त्या दाविदाने, त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूचे पत्र देऊन त्याला रणांगणावर धाडले. त्या सबंध प्रकरणात निष्ठावंत एकच आहे, आणि तो निवडलेल्या प्रजेतला नाही. मग नाथान संदेष्टा येतो आणि राजाच्या तोंडावर त्याचे पाप सांगतो. आमच्या स्मरणिकांच्या न्यायाने पाहिले तर नाथान हा फितूरच ठरेल.

वरच्या माणसाला खूष ठेवण्याच्या निष्ठेची आमच्या समाजाला जुनी चटक आहे. मुंबई-साष्टीच्या आमच्या बांधवांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले ते 1887 च्या मे महिन्यात, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. गोव्याकडून येणाऱ्या ख्रिस्ती उमेदवारांहून आपण वेगळे आहोत, ईस्ट इंडिया कंपनीचे आपण अधिक जुने प्रजाजन आहोत, हे सरकारला पटावे आणि नोकऱ्यांत आपला विचार व्हावा, हा त्यामागचा हेतू. पोटापाण्याचा प्रश्न होता. आम्ही त्या पूर्वजांना हसत नाही. परंतु एका संपूर्ण समाजाने आपले नाव एका व्यापारी कंपनीवरून घ्यावे आणि कंपनी बुडून जवळजवळ तीस वर्षे झाल्यावर घ्यावे, यात जे आहे ते पाहण्याची ताकद आपल्यात हवी.

आणि त्याच समाजातून, म्हातारपाखाडीतून, जोसेफ बॅप्टिस्टा निघाले. ज्या लोकमान्य टिळकांना सरकारने राजद्रोही ठरविले त्यांचे वकील आणि सहकारी म्हणून ते उभे राहिले. 1916 साली स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले. गिरणी कामगारांच्या आणि टपाल कर्मचाऱ्यांच्या चळवळीत ते राबले. 1925 साली मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना 'काका' म्हणत. राजनिष्ठेच्या वर्षी नाव घेतलेल्या समाजाचा सर्वांत निष्ठावान पुत्र राजद्रोहाच्या आरोपीशेजारी बसलेला आढळावा! आज आमच्या किती घरांत काकांची तसबीर आहे?

आम्ही हे आग्रहाने सांगतो त्याला आजचेही कारण आहे. ख्रिस्ती माणसाची निष्ठा कुठली, रोमची की देशाची, हा प्रश्न आम्हांला अधूनमधून विचारला जातो. त्याची नवी आवृत्ती आता या आदिवासी मुलखात फिरते आहे. ज्या आदिवासीने धर्म बदलला त्याला अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा, कारण त्याने जमातीशी बेइमानी केली, अशी ही मागणी आहे. घटनेच्या 342 व्या कलमाखालील यादी जमातीची आहे, धर्माची नाही, हे कायद्याचे उत्तर झाले आणि ते आज तरी पुरेसे आहे. पण आरोप कायद्याचा नाही, इमानाचा आहे. म्हणून उत्तरही इमानानेच द्यावे लागेल. घटना समितीत आदिवासींचा आवाज बनून उभे राहिलेले जयपाल सिंग मुंडा ख्रिस्ती होते. 1928 साली ॲमस्टरडॅमला हॉकीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे ते कप्तान. आदिवासी म्हणूनच ते बोलले आणि कोणाला त्यांच्या जमातीविषयी शंका आली नाही. येशूच्या मागे जाणाऱ्या वारल्याने आपली नागली, आपला तारपा, आपली बोली, पाड्यावरच्या मरणातोरणाला धावून जाणे हे सारे टाकून दिले, तर मात्र आरोप करणाऱ्यांच्या हाती आपणच कोलीत दिले असे होईल. आणि हे टाकायला त्याला कधी कधी आपल्यापैकीच उत्साही मंडळी शिकवितात, हेही आम्ही झाकून ठेवणार नाही.

झाकण्याचा विषय निघालाच आहे. 'घरातली गोष्ट घरात राहावी' ही आमच्या निष्ठावंतांची आवडती म्हण. धर्मग्रामाच्या हिशेबात गफलत झाली, तर बोलू नये. पतपेढीच्या संचालकाने आप्तांना कर्जे वाटली, तर बोलू नये. धर्मगुरू चुकला, तर मुळीच बोलू नये. त्याने परक्यांना हसायला मिळते, ख्रिस्तसभेची बदनामी होते. आम्ही स्वतः धर्मगुरू आहोत. या म्हणीचा सर्वांत जास्त फायदा आमच्याच वर्गाला होत आला आहे, म्हणून तिच्याविरुद्ध आम्हीच बोलणे योग्य. अंत्युखियात संत पेत्र परजातीय बांधवांच्या पंगतीतून उठू लागला तेव्हा संत पौलाने त्याला सर्वांसमक्ष आडवे घेतले आणि ती हकीकत गलतीकरांना लिहून कळविली. पहिल्या पोपमहोदयांची ती नाचक्की ख्रिस्तसभेने दडविली नाही. पवित्र शास्त्रात घातली, आणि आजही ती वाचतो. सिएनाची संत कॅथरीन ही रंगाऱ्याची मुलगी; आविन्योंला जाऊन बसलेल्या पोपमहोदयांना तिने रोमला परतण्याविषयी जी पत्रे लिहिली त्यांत आर्जव आहे तसाच धाकही आहे. तिला ख्रिस्तसभेने 1970 साली आचार्यपद दिले.

आणि बालकांच्या लैंगिक छळाच्या बाबतीत तर या म्हणीने जगभर जो अनर्थ केला तो आता सर्वांना ठाऊक आहे. कित्येक देशांत कित्येक वर्षे मुले बोलत होती आणि वडीलधारे ख्रिस्तसभेवरील निष्ठेपायी ऐकत नव्हते. अखेर 2019 साली पोप फ्रान्सिस यांनी नियमच केला की, अशी गोष्ट कानी आल्यास प्रत्येक धर्मगुरूने आणि व्रतस्थाने ती अधिकाऱ्यांना कळविलीच पाहिजे; 2023 साली तो कायम झाला. म्हणजे आता गप्प बसणे हीच ख्रिस्तसभेशी बेइमानी होय, असे खुद्द ख्रिस्तसभाच सांगते. भारतातला पोक्सो कायदा 2012 पासून तेच सांगत आहे. हे दोन्ही नियम आमच्या किती धर्मग्रामांच्या फलकावर लागले आहेत? नाताळच्या नाटकाच्या तालमीचे वेळापत्रक मात्र न चुकता लागते.

आता पुन्हा डोंगराकडे. 1992-93 च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी या गावांची नावे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. कुपोषणाने तिथे बालके दगावली होती. मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हे घडावे याने महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, अधिकारी आले, संस्था आल्या, आपल्याही मंडळींच्या गाड्या गेल्या. त्या धक्क्यातून काही चांगलेही झाले. नवी कार्यालये निघाली, योजना आल्या. 2014 च्या ऑगस्टमध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाची बातमी पुढेही पुनःपुन्हा येतच राहिली. गाड्या येतात तशा जातात. मागे राहते ती अंगणवाडीची बाई. वजनकाटा घेऊन नाले ओलांडणारी, चार पाड्यांची नोंदवही सांभाळणारी, तुटपुंज्या मानधनावर वीस-पंचवीस वर्षे तेच काम करणारी. तिला कोणी शिरपेच खोवलेला आम्ही पाहिला नाही. निष्ठा या विषयावर प्रवचन देण्यासाठी एखाद्या वर्षी तिलाच देवळात बोलवावे. ती कदाचित बोलणार नाही. नुसती उभी राहिली तरी चालेल.

आणि मग आपली नाताळची ब्लँकेटे. ती वाटू नयेत असे आम्ही म्हणत नाही; मोखाड्याला थंडी कडक पडते. पण ज्या पाड्यावर डिसेंबरात बस नेतो तिथे घरांना टाळी दिसतात, ती का, हे कोणी विचारते का? माणसे असतात कुठे? दिवाळी झाली की ती उतरतात: भिवंडीला, कल्याणला, आणि आमच्या वसईला. वीटभट्टीवर, बांधकामावर, रेतीवर. जाताना मुकादमाकडून उचल घेतात. पावसाळ्यातले देणे त्यातून भागलेले असते. सहा-सात महिने नवराबायको राबतात, पोरे मातीत खेळतात, शाळा बुडते. आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेलीच नसते. वही मुकादमाची, अक्षर मुकादमाचे, बेरीजही त्याचीच. पुढच्या दिवाळीला पुन्हा त्याच भट्टीवर यायचे. आला नाही, तर तोच जुना शब्द तयार असतो.

लग्नगडी गेला आणि उचलगडी आला, एवढाच काय तो 1945 पासूनचा फरक म्हणावा का? तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आज कायदा आहे, किमान वेतन आहे, मोबाइल फोन आहे, पळून जायला एस.टी. आहे. पण वही अजून तशीच आहे. आणि वसईच्या ज्या जागेवर तो विटा थापतो ती जागा, ज्या बंगल्याचा तो पाया खणतो तो बंगला, यांतला काही भाग तरी रविवारच्या मिस्साला पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांचा आहे. ज्याच्या पाड्यावर आपण ब्लँकेट घेऊन जातो तो त्याच दिवशी आपल्याच वाडीत झोपडी बांधून कुडकुडत असू शकतो! दोन तासांचा प्रवास करून त्याला भेटायला जायची गरज नव्हती. तो बावखलाच्या पलीकडे होता.

तेव्हा आमच्या संघटनांना आमची विनंती आहे, आणि तिला कोणी तक्रार म्हटले तरी हरकत नाही. एका वर्षी एक पाडा आणि दुसऱ्या वर्षी दुसरा, ही पद्धत बंद करा. एकच पाडा घ्या आणि दहा वर्षे घ्या. नाताळात जाऊ नका. जुलैत जा, कणगी रिकामी झालेली असते, नाले भरलेले असतात आणि फोटोला उजेड नसतो, तेव्हा. तीच तीच माणसे जा, म्हणजे तिथल्या मुलांना तुमची नावे कळतील आणि तुम्हांला त्यांची. दहा वर्षांत तुमच्यातले निम्मे गळतील. उरलेल्यांनी अहरोन आणि हूर व्हावे.

दुसरी विनंती बाकांवरच्या मालकांना. आपल्या जागेत, आपल्या बांधकामावर जे जव्हार-मोखाड्याचे कुटुंब राबत आहे, त्याची उचल किती, फिटली किती, हे मुकादमाला विचारा. तो टाळाटाळ करील. 'शेठ, ते आमचं आम्ही बघतो' म्हणेल. ऐकू नका, पैसा तुमचा आहे आणि पापही तुमच्याच खात्यावर पडणार आहे. दर शनिवारी मजुरीच्या वेळी ती वही उघडायला लावा आणि त्या कुटुंबात चार इयत्ता शिकलेले जे पोर असेल त्याला ती मोठ्याने वाचायला सांगा. आकडा चुकीचा वाटला तर तिथेच थांबवायला सांगा. आईबाप समोर बसलेले असावेत, आणि तुम्हीही.